मिशीचा मालक



बालसाहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी माझी निवड केलीत, मनापासून आभार. संयोजकांच्या पत्रात सूचना होती की मराठी बालकवितेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा. घेते. 1873 साली ‘बालबोधमेवा’ मासिक निघालं, 1906 साली वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’, 1971 साली बालभारतीचं ‘किशोर’. मध्ये 1961 साली विंदांची ‘राणीची बाग’ आली, आणि बोधाशिवायही मुलांची कविता असू शकते हे मोठ्यांच्या गळी उतरू लागलं. मग पाडगावकरांनी धमाल उडवून दिली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

झाला आढावा. यात चित्रकाराचं नाव एकदाही आलं नाही. मी मुद्दाम गाळलं नाही. आपल्याकडे आढावा असाच घेतात. आणि मी चित्रकार आहे, कवी नाही. मुलांच्या कवितांना चित्रं काढण्यात माझा जन्म गेला. तेव्हा आता माईक हातात आलाच आहे, तर एवढंच एक बोलून घेते.

माझं म्हणणं असं, की मुलांची विनोदी कविता एकट्या कवीची नसते. ती दोघांची असते. शब्द एक सांगतात, चित्र गुपचूप दुसरं दाखवतं, आणि मूल दोघांची चोरी पकडतं. त्या पकडण्यात हसू आहे. शब्दांनी ‘हत्ती नाचला’ म्हणायचं आणि चित्रात नाचणारा हत्ती काढायचा, याला मी चित्र म्हणत नाही. ती हजेरी झाली.

माझ्याच कामातलं उदाहरण देते. एका कवींची एका मामाच्या मिशीवर आठ कडव्यांची कविता होती. मिशी लांब, फार लांब, एवढंच त्यात होतं. किती लांब ते कवींनी कुठेच सांगितलं नव्हतं, हे त्यांचं शहाणपण. प्रकाशकांचा निरोप आला, ‘मिशीवाला मामा काढा, मोठ्ठा, हसरा.’ मी मामा काढलाच नाही. पहिल्या पानाच्या तळाशी मिशीचं नुसतं टोक काढलं, त्याला एक मुंगी हुंगते आहे. दुसऱ्या पानावर तीच मिशी पुढे चालू, तिच्यावर दोन कावळे. तिसऱ्या पानावर तिच्यावर वाळत घातलेला लंगोट आणि परकर. अशी ती पानामागून पान सरपटत गेली आणि आठव्या पानावर मामा सापडला, तोंड उघडं टाकून झोपलेला. खिळे जुळवण्याचा काळ होता तो. प्रत्येक पानाच्या तळाला जस्ताचा वेगळा ठसा, आणि या पानाची मिशी पुढच्या पानाच्या मिशीला जुळली पाहिजे. जुळारी माझ्या नावाने बोटं मोडत होता. पण छापून आल्यावर पहिला तोच हसला.

काही वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली, ऑफसेटवर. कागद महागला म्हणून आठ पानांची कविता चार पानांत बसवली. दोन-दोन कडवी एका पानावर, आणि चित्रं ‘मावतील तेवढी’. टोक राहिलं, कावळे राहिले, परकर गेला, मामा गेला. मिशी चौथ्या पानाच्या कडेला संपली आणि तिला मालकच उरला नाही. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, कारण चित्रांचे पैसे एकरकमी देऊन झाले होते. कवितेतला एखादा शब्द असा कापला असता तर कवींनी केवढं रान उठवलं असतं! उठवायलाच हवं. मग मिशी कापली तर?

जुन्या ठशांचं काय झालं ते प्रेसवाल्यांकडून कळलं. जस्ताला बरा भाव होता, मोडीत गेले.

आता आपल्या मंडळींचे वाद. कालच्या परिसंवादात एका विद्वान मित्रांनी पुन्हा तेच मांडलं, की चित्रामुळे मुलाची कल्पनाशक्ती मरते, म्हणून कविता निव्वळ ऐकवावी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत हे करून पाहिलंय. भुताची एक कविता वाचून दाखवली, चित्र न दाखवता, आणि भूत काढायला सांगितलं. सगळ्या वर्गाचं भूत एकच निघालं, टीव्हीतलं, पांढरी चादर पांघरलेलं. मग फळ्यावर मिशीचं टोक काढलं आणि म्हटलं, ‘आता मालक काढा.’ एकाने एसटीचा कंडक्टर काढला, एकीने स्वतःची आजी, कारण आजीला खरोखरच मिशा होत्या. एका पठ्ठ्याने हेडमास्तर काढले आणि कागद पटकन उलटा ठेवला. सगळं दाखवून मोकळं होणारं चित्र कल्पना मारतं, हे मी मान्य करते. राखून ठेवणारं चित्र तिला पळायला लावतं. या वादावर मला आणखी काही बोलायचं नाही.

दुसरा वाद बोधाचा, मुलांच्या कवितेत तो असावा की नसावा. जर्मनीत फ्रँकफर्टला हाइनरिश हॉफमन नावाचा डॉक्टर होता. 1844 च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं पुस्तक आणायला बाजारात गेला, मनासारखं मिळेना, म्हणून कोरी वही घेऊन आला. कविताही त्यानेच लिहिल्या, चित्रंही त्यानेच काढली. नखं न कापणारा, केस न विंचरणारा त्या वहीतला पोरगा पुढे जगभर गेला. त्या पुस्तकात पानोपानी बोध आहे, पण चित्रं इतकी अतिरेकी की बोधाचीच फजिती होते.

मोठी नावं पाहा, कविता आणि चित्रं अशीच एका हातची दिसतील. एडवर्ड लिअर आधी चित्रकार, पोपटांची चित्रं काढून नाव कमावलेला. 1846 साली त्याचं विसंगत कवितांचं पुस्तक आलं ते त्याच्याच रेखाटनांसह. हा गृहस्थ पुढे हिंदुस्थानात हिंडला आणि 1874 साली मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची एक कविता छापून आली, ज्यात बाई चक्क धोब्यावर बसते. (आपल्या धोब्याची बाजू कुणीतरी चित्रात मांडायला हवी होती.) बंगालीत सुकुमार राय. त्यांच्या वडिलांचा ठसे बनवण्याचा आणि छपाईचा कारखाना, स्वतः ते छपाईचं तंत्र शिकायला लंडन-मँचेस्टरला जाऊन आलेले. त्यांचं ‘आबोल ताबोल’ हे कवितांचं पुस्तक 1923 साली निघालं, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत; वय अवघं पस्तीस. त्यात बदक आणि साळिंदर मिळून झालेला एक प्राणी आहे. शब्दांत तो दोन नावांच्या जोडाची गंमत आहे. पण काटे नेमके कुठून उगवतात आणि चोच कुठे संपते, हे ठरवावं लागतं ते चित्र काढणाऱ्याला. ज्याला ठसा कसा बनतो ते माहीत होतं, त्यानेच ते ठरवलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळे एकाच माणसात दोघं असलेले. आपल्याकडे माधुरी पुरंदरे आहेत, पण दरवेळी असं कुठून आणायचं? नका आणू. इंग्लंडात मिल्न मुलांसाठी लिहायचा आणि शेपर्ड त्याची चित्रं काढायचा. शेपर्डचं मोल ओळखून मिल्नने आपल्या रॉयल्टीतला वाटा त्याला मिळेल अशी व्यवस्था केली. त्याच देशाने 1999 मध्ये बालसाहित्याचा राष्ट्रीय मान पहिल्यांदा द्यायचा ठरवला, तेव्हा तो क्वेंटिन ब्लेक या चित्रकाराला दिला. आपल्या साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे आणि तो लेखकाला जातो. जाऊ दे. पण विनोदी कवितांच्या पुस्तकाला तो देताना परीक्षक ज्या पानावर हसले, ते कशामुळे हसले, एवढं तरी त्यांनी स्वतःला विचारावं.

मिल्नसारखा, चित्रकाराचं मोल ओळखणारा एक कवी मलाही भेटला होता. आज ते नाहीत. मोठं नाव, चिडके म्हणून प्रसिद्ध. माझी कच्ची रेखाटनं बघायला स्वतः जिने चढून घरी आले. माझ्या चित्रात एक कुत्रं होतं, कवितेत ते नव्हतं. मी बोलणी खायची तयारी ठेवली. ते बराच वेळ बघत बसले, चहा निवला. मग खिशातून हस्तलिखित काढलं आणि दोन ओळी खोडल्या. म्हणाले, ‘बाई, हे तुमचं कुत्रंच सांगतंय. मी कशाला बोलू?’ तसा कवी पुन्हा भेटला नाही. आता कविता ईमेलने येतात, ‘उद्यापर्यंत द्या’ या सूचनेसह, आणि उद्यापर्यंत नाही जमलं तर इंटरनेटवरून चित्र उतरवून घेतात. परवा एका संग्रहात चिंचा पाडण्याची कविता वाचली. शेजारी सोनेरी केसांचा मुलगा, आणि मागे देवदारांचं रान. देवदारावर चढून त्याने चिंचा कशा पाडल्या, हा विनोद मात्र खरा, पण तो कवीला अभिप्रेत नसावा.

काही कामं सुचवायची असतात अध्यक्षांनी. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर खुले केलेत, त्यांतल्या चित्रकारांची नावं कुणीतरी उतरवून काढावीत. जिथे सही वाचता येत नाही तिथे आम्हा जुन्या माणसांना विचारा, आम्ही आहोत तोवर. प्रकाशकांशी मानधनाचं काय ते एकदा बसून बोलावं लागेल. समिती नेमा किंवा नेमू नका. मूळ चित्रं कुठे ठेवायची, याचंही बघायला हवं.

एक मात्र आजच होण्यासारखं आहे. संध्याकाळी पाच वाजता इथेच कविसंमेलन आहे. मागे हा शाळेचा फळा आहे, खडू आहेत. गावातला, शाळेतला जो कोणी चित्र काढणारा असेल त्याला वर बोलवा, आणि कवी वाचत असताना त्याला काढू द्या. कवितेत नसलेलं काढलं तरी थांबवू नका. मुलं फळ्याकडे बघून भलत्याच ठिकाणी हसतील, तेव्हा कवींनी रागावू नये, ही विनंती. आणि प्रत्येक कवीला दहाच मिनिटं मिळतील, ही सूचना संयोजकांच्या वतीने.