नगरांत बसून ‘वज्राघात’ वाचतांना

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक बहुधा तिच्यांतील स्थळांपासून दूर बसलेला असतो. मुंबईच्या चाळींत बसून तो रायगड चढतो आणि शेवटचें पान मिटलें कीं पुन्हां चाळींत येतो. आम्हां नगरकरांना ही सोय नाहीं. आमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच निजामशाही उभी आहे. शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. तरी जुन्या संवयीनें मी नगर म्हणालों तर क्षमा असावी.

हरिभाऊ आपट्यांची ‘वज्राघात’ मीं प्रथम वाचली तेव्हां मी चौदा वर्षांचा होतों. विजयनगरच्या विनाशाची ती कथा. १५६५ च्या जानेवारींत दक्षिणेंतील सुलतान एक झाले आणि तालिकोटच्या लढाईंत रामराजा पडला. हरिभाऊंनीं त्या विनाशाच्या मुळाशीं मेहेरजानवर झालेला अन्याय कल्पिला आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आली असतां मीं तें पुस्तक दोन रात्रींत संपविलें आणि उशी भिजेपर्यंत रडलों.

दुसऱ्या दिवशीं शाळेस निघालों, तों समोर आमचा भुईकोट किल्ला! शाळेच्या पुस्तकांत मीं वाचलें होतें कीं, रामराजाचा शिरच्छेद करविणारा हुसेन निजामशहा हा याच किल्ल्याचा धनी. त्या काळ्या तटाकडे मला पाहवेना. आठ दिवस मी लांबच्या वाटेनें शाळेंत गेलों. इतकेंच असतें तर हंसण्यावारीं नेलें असतें. पण माझ्या बांकावर एक मुसलमान मुलगा बसत असे. आमची डब्यांतील भाजीची देवघेव होती. त्याच्याशीं मीं ते आठ दिवस बोललों नाहीं. त्यानें कारण विचारलें. मला सांगतां येईना, कारण मलाच तें नीट उमगलें नव्हतें. पुढें आम्ही पुन्हां बोलूं लागलों खरे. पण तो शहर सोडून गेला आणि माफी मागावयाची राहून गेली ती राहिलीच.

पुष्कळ वर्षांनीं फेरिश्त्याचा इतिहास हातीं आला. हा इतिहासकार तरुणपणीं नगरच्या दरबारांतच होता. त्यांत पाहतों तों, तालिकोटच्या कांहीं वर्षें आधीं रामराजाची फौज विजापूरच्या बाजूनें नगरच्या मुलखावर चालून आली होती. गांवें लुटलीं गेलीं, नगरला वेढा पडला आणि हुसेनला मानहानीचा तह पत्करावा लागला. आमचा मूळचा मातीचा कोट जाऊन तेथें दगडी तट उठला तो याच धामधुमीच्या वर्षांत, १५५९ ते १५६२ च्या दरम्यान. ज्या भिंतीचा मीं द्वेष केला ती भिंत भयानें बांधलेली होती! माझे अश्रु खोटे नव्हते. मात्र ते एकाच घरच्या दुःखाचे होते.

याचा दोष हरिभाऊंना देण्यास मन घेत नाहीं. कादंबरी म्हटली कीं तिला एक घर निवडावेंच लागतें. मेहेरजान कोणत्या बखरींत आहे, असा प्रश्न विचारणाऱ्या पंडितांचा मला तर कंटाळाच येतो. ती नसती तर मीं तें पुस्तक चौदाव्या वर्षीं हातीं धरलेंच नसतें. मेहेरजान कल्पित आहे म्हणून माझें कांहीं बिघडलें नाहीं. बिघडलें तें निराळ्याच कारणानें. हुसेनलाहि एक मुलगी होती, हें मला तेव्हां कोणी सांगितलें नाहीं.

ती मुलगी म्हणजे आमची चांदबिबी. १५९५ च्या अखेरीस मुराद शहाजाद्यानें वेढा घातला, सुरुंगानें तट फुटला, तेव्हां रातोरात खिंडार बुजवून जिनें किल्ला राखला आणि १६०० मध्यें फितुरीच्या खोट्या संशयावरून जिला आपल्याच माणसांनीं मारलें, तिच्यासाठीं हळहळला नाहीं असा नगरकर मला भेटलेला नाहीं. पण तिनें राखलेला तट तिच्या बापाचाच होता. तालिकोटपूर्वींची सुलतानांची जूट पक्की करण्यासाठीं विजापूरच्या अली आदिलशहास दिलेली वधूहि हीच, आणि सोलापूरचा किल्ला तिचें आंदण!

परवां भाच्याला घेऊन शहरापूर्वेच्या डोंगरावरील ‘चांदबिबीचा महाल’ पाहण्यास गेलों होतों. ती वस्तुतः मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, असें मीं त्याला वरच्या मजल्यावर नेऊन सांगितलें. तो जरा खट्टू झाला. मग मीं त्याला लग्नाची हकीकत सांगितली. तो बराच वेळ खालीं शहराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मामा, रामराजाला मारल्याची बातमी विजापुरांत आली तेव्हां ती रडली असेल का हो?”

मीं उत्तर दिलें नाहीं. ऊन चढूं लागलें होतें. त्याचा हात धरून मी पायऱ्या उतरूं लागलों.