कण कोणत्या वाटेने आला?



खिडकीतून दगड आत आला तर तो कोणत्या वाटेने आला, हे सांगता येते. प्रकाशकणाचे तसे नाही. अर्धपारदर्शक आरशापाशी त्याच्या पुढे दोन वाटा फुटतात आणि पुढे त्या पुन्हा मिळतात. शेवटी टिपलेला कण कोणत्या वाटेने आला? पाठ्यपुस्तके बहुधा 'दोन्ही वाटांनी' असे म्हणून पुढच्या धड्याकडे वळतात. जे मोजले नाही त्याविषयी बोलूच नये, असे मानणारेही पुष्कळ आहेत.

तेल अवीव विद्यापीठातील लेव्ह वैडमन यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. कणाने जेथे सूक्ष्म खूण सोडली तेथे तो होता, असे मानावे, हे त्यांचे म्हणणे. २०१३ साली त्यांच्या गटाने प्रयोगच केला. दोनपैकी एका वाटेवर दोन पोटवाटांचा एक लहान फेरा ठेवला. त्याच्या तोंडाशी एक, आत दोन, बाहेर एक आणि दुसऱ्या मुख्य वाटेवर एक, असे पाच आरसे. प्रत्येक आरसा वेगळ्या वारंवारतेने किंचित थरथरत होता. फेऱ्यातील दोन तरंग बाहेरच्या आरशाकडे जाताना एकमेकांना पुसून टाकतील, अशी जुळणी होती.

टिपलेल्या प्रकाशात दुसऱ्या वाटेवरील आरशाची थरथर दिसली, यात नवल नाही. पण फेऱ्याच्या आतील दोन्ही आरशांचीही दिसली! तोंडाच्या व बाहेरच्या आरशांची मात्र नाही. म्हणजे कण खोलीत होता, पण दारातून गेलाच नाही?

येथे सावध राहावे. अशा बातम्यांवर चमत्काराची दुकाने उघडणारे आपल्याकडे कमी नाहीत. तोंडाचा आरसा हलला की दोन्ही तरंग सारखेच सरकतात, त्यामुळे ते एकमेकांना पुसतच राहतात. आतला एकच आरसा हलला तर पुसणे अपुरे राहते, आणि थोडासा प्रकाश ती थरथर घेऊन बाहेरच्या आरशावरूनच पुढे झिरपतो. हे सारे जुन्या तरंग सिद्धांतानेही समजते, आणि हे त्या गटालाही मान्य होते.

मग वाद कशाचा? आकड्यांचा नव्हे, 'होता' या शब्दाचा. बाहेरच्या आरशावर उरणारी खूण अतिसूक्ष्म, म्हणून ती शून्य धरावी, असे वैडमन म्हणतात. टीकाकार म्हणतात, प्रकाश तेथून गेला तर 'कण तेथे नव्हता' कसे म्हणता? २०१७ साली बेर्टहोल्ड-गेओर्ग एंगलर्ट आणि सहकाऱ्यांनी हाच विषय पुन्हा तपासला आणि वैडमन यांचा निष्कर्ष नाकारला. वैडमन यांनी आपले मत सोडलेले नाही.