विद्यापीठाच्या नावातील माउली आणि आपले वसतिगृह
(वार्षिक अधिवेशनातील भाषण)



आपल्या खानदेशाचे विद्यापीठ 1990 साली जळगावी स्थापन झाले. तत्पूर्वी आपली महाविद्यालये पुणे विद्यापीठास जोडलेली होती. 2018 साली या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याच्या ज्या शेतकरी स्त्रीस अक्षरओळख नव्हती, जिची गाणी चिरंजीव सोपानदेवांमुळे जगापुढे आली आणि तिच्या निधनानंतर 1952 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तिचे नाव आज पदवीपत्रावर छापले जाते. याचा अभिमान आम्हांस आहेच. परंतु विद्यापीठाच्या कमानीवर स्त्रीचे नाव लावणे सोपे. आपल्या सातबाऱ्यावर ते लावणे जड जाते, हेही येथे बोलले पाहिजे.

वडिलोपार्जित मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती 2005 साली देशाच्या कायद्यात झाली. तरीही राखीपौर्णिमेला ज्या बहिणीस ओवाळणी घालावयाची, तिचीच सही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर घ्यावयाची, ही रीत आपल्या घरांतून गेलेली नाही. उलट उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा आपल्याच जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावी शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. ही माणसे कोणी पंडित नव्हती. कापूस पिकविणारीच होती.

कोणी म्हणेल, जमीन नावावर असली काय, नसली काय, घर एकच ना? हवामानाचे पालटलेले रूप या प्रश्नाचे उत्तर देत आहे. रावेर-यावलची केळी उन्हाळ्याच्या झळांनी होरपळते, थंडीत पारा फार उतरला की तिची वाढ खुंटते आणि मृगाआधीचे वादळ उभी बाग आडवी करते. या आपत्तींसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा निघाला. त्यात महसूल मंडळातील हवामान केंद्राची नोंद पाहून भरपाई ठरते. ती मिळते मात्र ज्याच्या नावे जमीन वा भाडेकरार आणि बँकेचे खाते असते त्यास. खोड कापणारी, घड वाहणारी बाई त्या कागदात कोठेच नसते. विहीर आटली की हंडा तिच्याच डोक्यावर येतो. पण गावात पाण्याचा आराखडा ठरतो त्या बैठकीत बोलणारे बहुधा पुरुषच. हवामानाचे धोरण म्हणजे दिल्लीतील वा परदेशातील परिषदांचा विषय, अशी समजूत त्यामुळेच दृढ झाली असावी.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याने ही समजूत खोटी ठरविली आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने तेथील आदिवासी ग्रामस्थांनी उजाड झालेले रान स्वतः नियम करून राखले, कुऱ्हाडबंदी पाळली आणि गावास पुन्हा पाणी मिळाले. 2025 साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि कोणती भाजी कोणत्या दिवसांत येते, कशी शिजवावी, हे तेथील स्त्रिया सांगतात. ज्यांस आपण अडाणी म्हणतो त्यांच्यापुढे वही घेऊन बसावे लागते. विद्यापीठाने हे ज्ञान आपल्या वर्गात आणावे, असे आम्हांस वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे राहिलो तिकडे वळतो. डॉ. पायल तडवी ही आपल्या जळगावची, तडवी भिल्ल समाजातील कन्या. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असता मे 2019 मध्ये वसतिगृहाच्या खोलीत तिचा अंत झाला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला, आणि तिच्या मातोश्री उच्च शिक्षणातील भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायाचे काम न्यायालयाचे. आपला प्रश्न निराळा आहे : आपल्या वसतिगृहात अशा मुलीस जागा मिळाली असती काय? घटनेप्रमाणे नाही, कारण ते केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी आहे.

येथे इतिहास स्मरावा. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे उभारण्यास उत्तेजन दिले. त्या काळी प्रत्येक ज्ञातीस आधी पायावर उभे करणे अवश्य होते. त्याच छायेत वाढलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह, एकच स्वयंपाकघर चालविले. पहिली पायरी आपल्या पूर्वजांनी चढली. आम्ही दुसऱ्या पायरीविषयी बोलत आहो.

काही ज्येष्ठांचे म्हणणे आम्ही आदराने ऐकले आहे. देणग्या आपल्या माणसांच्या, मग इमारत इतरांस का? प्रश्न रास्त आहे. पैसा घामाचा आहे. परंतु आपलीच मुले उद्या पुण्या-मुंबईस जाऊन परक्या वसतिगृहात राहावयाची आहेत. तेथे कोणी त्यांची जात विचारू नये असे आपण म्हणतो, तर जळगावी आपल्या दाराशी आलेल्या पावरा, तडवी वा अन्य कोणा मुलीस आपण काय विचारावे?

म्हणून ठराव असा आहे : नव्या मजल्यावरील सर्व जागा मुलींसाठी राखाव्यात, त्यांतील चौथा हिस्सा अन्य समाजांच्या मुलींस द्यावा, भोजनगृह एकच असावे आणि व्यवस्थापक समितीत किमान तीन स्त्रिया घ्याव्यात. उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत तो मतास टाकला जाईल. आजवर घरटी एक मत होते आणि ते कर्त्या पुरुषाने द्यावयाचे असा प्रघात होता. घटनेत मात्र 'सभासद' एवढाच शब्द आहे, आणि भगिनींची सभासदनोंदणी आज रात्री नऊ वाजेपर्यंत मंडपाच्या दाराशी चालू आहे.