पाटी हातात येण्याआधी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका निवृत्त अंगणवाडी सेविका ताईंनी केलेलं भाषण. त्या जशा बोलल्या, जवळजवळ तसंच छापत आहोत. – संपादक मंडळ)



मागं दाराशी ज्या लेकरं घेऊन उभ्या आहेत, त्यांनी पुढं येऊन बसा. लेकरू रडलं तर रडू दे. आज विषयच त्यांचा आहे.

आधी एक विचारते. हात वर करा. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून तुमच्यातल्या किती जणींची शाळा सुटली? (बरेच हात वर झाले.) बघा. माझाही हात वरच आहे. मी तिसरीत होते. आई खुरपायला जायची, भाऊ आठ महिन्यांचा. चार दिवस घरी राहा म्हणाली. ते चार दिवस काही संपले नाहीत. पुढं लग्नानंतर बाहेरून परीक्षा दिल्या, आधी मदतनीस झाले, मग सेविका. पण तिसरीतली ती पोरगी अजून मनात रडते कधी कधी.

हे आपलं दुखणं एका बाईनं फार पूर्वी ओळखलं होतं. ताराबाई मोडक. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली तिथं नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण तेव्हाची बालमंदिरं शहरातल्या, शिकलेल्या घरच्या मुलांची. गरिबाच्या, गावातल्या मुलाचं काय? म्हणून १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. आता ते पालघर जिल्ह्यात येतं. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न झालेलं, लहानपणीच विधवा झालेल्या. त्यांनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला दिलं.

बोर्डीत बालवाडी तर काढली, पण वस्तीवरची मुलं येईनात. का येतील? कुणाच्या कडेवर भावंड, कुणाच्या मागं शेळी, कुणाच्या अंगावर धड कपडा नाही. मग या बायका काय करत बसल्या? मुलं येत नाहीत म्हणून रुसल्या नाहीत. त्या वस्तीवर गेल्या. कुणाच्या तरी अंगणात बसल्या, मुलांना अंघोळ घातली, नखं काढली, केस विंचरले, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आपण रोज जो शब्द बोलतो, तो असा एका अंगणातून आला.

पुढं १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासी मुलांमध्ये. जी पोरं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जवळजवळ ठेवली. मोठी बहीण धाकट्याला घेऊन येणार, त्याला पाळणाघरात सोडणार आणि स्वतः वर्गात बसणार. बहिणींनो, हे मी पहिल्यांदा प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मला हुंदका आला. माझ्या गावात असं काही असतं, तर माझी तिसरी सुटली नसती.

म्हणून माझं पहिलं म्हणणं. लहान मुलाची सोय ही आईची सोय आहे, आणि मोठ्या बहिणीच्या शाळेचीही सोय आहे. अंगणवाडीला कुलूप असलं की नुकसान एकाचं होत नाही, तिघांचं होतं.

आता दुसरं सांगते, आणि यात चूक माझीच आहे.

सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्यात सहा सेवा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पुढं पाठवणं, बायकांना आरोग्य-आहाराची माहिती, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळेआधीचं शिक्षण. तुम्हाला अंगणवाडी म्हटलं की काय आठवतं? खिचडी, लस, वजनकाटा. सहावी सेवा आपण विसरूनच जातो.

मी सेविका झाले तेव्हा आईबाप यायचे आणि म्हणायचे, "बाई, पोरगं नुसतं खेळतंय, शिकवता काय तुम्ही?" मला ते लागायचं. मग मी पाट्या वाटल्या. साडेतीन-चार वर्षांची मुलं, आणि मी म्हणायचे, गिरव. एक पोरगा होता, फार बोलका. बैलांची नावं सांगायचा, कोणत्या ओढ्याला पाणी आहे ते सांगायचा. पण पेन्सिल त्याच्या बोटात धरत नव्हती. मी रागावले, हातावर मारलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आजी ओढत घेऊन आली, तर पाटी बघितल्याबरोबर आजीच्या पदरात शिरला. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. इतका बोलका पोरगा, मी मुका केला.

नंतर प्रशिक्षणात कळलं. लिहायच्या आधी बोटं तयार व्हावी लागतात. चिखलाचे बैल करणं, कणकेचा गोळा वळणं, दोऱ्यात मणी ओवणं, हीच लिहिण्याची तयारी. वाचायच्या आधी बोलणं आणि ऐकणं भरपूर व्हावं लागतं. मोजायच्या आधी लहान-मोठं, कमी-जास्त, जोडी लावणं कळावं लागतं. ज्याला आपण नुसता खेळ म्हणतो, त्यात हे सगळं चाललेलं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्याच धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून.

मग मी पाट्या कपाटात ठेवल्या आणि चिखल आणला. तो पोरगा पहिल्या दिवशी दारातच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी हळूच येऊन बैल करून गेला. शिंगं वाकडी झाली, तर मला म्हणाला, "बाई, हा मारका आहे." त्या दिवशी मला पगारापेक्षा मोठं काही मिळालं.

आता तिसरं, आपल्या गटाचं. आमच्या गटात एका सुनबाईनं कर्ज मागितलं. वहीत कारण लिहिलं, शिक्षण. विचारलं तर पोरगी साडेतीन वर्षांची, तालुक्याच्या नर्सरीत घालायची. फी आणि गाडीभाडं. सकाळी सातला गाडी. मीसुद्धा होकार दिला. ती पोरगी गाडीत झोपायची, आणि घरी येऊन इंग्रजी कविता म्हणून दाखवायची, अर्थ ना तिला ना आईला. मी त्या आईला दोष देत नाही. तिला लेकीचं भलंच करायचं होतं. आपली अंगणवाडी नीट चालत असती तर तिनं कर्ज काढलं असतं का, हा प्रश्न मात्र आपण सगळ्यांनी स्वतःला विचारायचा.

म्हणून काही कामं सांगते. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या.

एक. महिन्यातून एकदा गटातल्या दोघींनी अंगणवाडीत तासभर बसायचं. तपासणीला नाही, गोष्ट सांगायला, गाणं म्हणायला. खिचडी कितीतरी गावांत आपलाच गट शिजवतो, मग पातेलं ठेवून लगेच परत का फिरायचं? सेविकेवर कामांचा आणि मोबाइलवरच्या नोंदींचा किती भार असतो, तेही तुम्हाला दिसेल.

दोन. खेळणी विकत आणायची गरज नाही. चिंचोके, शिंपले, काड्या, पानं, चिंध्यांच्या बाहुल्या, जुन्या बांगड्या गोळा करा. फक्त तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात बारीक वस्तू देऊ नका, ते तोंडात घालतं.

तीन. घरी. भाकरी करताना लेकराला छोटा गोळा द्या. कपडे वाळत घालताना मोज्यांच्या जोड्या लावू द्या. ते काही विचारलं तर "गप बस" म्हणू नका, आणि आपल्या घरच्या बोलीतच बोला. रात्री एक गोष्ट सांगा. याला पैसा लागत नाही.

चार. मजुरीच्या ठिकाणी लेकरांची सोय मागा. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातच लिहिलं होतं, की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. किती जणींनी ते कधी मागितलं? आपण पासबुकाचा हिशेब मागायला शिकलो, हेही मागायला शिकू.

आणि शेवटचं. घरी गेल्यावर बघा, धाकटं कुणाच्या कडेवर आहे. मोठ्या लेकीच्या असेल, तर तिला विचारा, आज शाळेत का गेली नाहीस. मला कुणी विचारलं नव्हतं.

एवढं बोलून थांबते. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला.