ऐकणाऱ्याचें कोणी ऐकावें?

मनाच्या व्यथांवर उपचार करणाऱ्यापाशीं शस्त्र नसतें, औषधाची बाटली नसते. त्याचें साधन म्हणजे त्याचें स्वतःचें मन. साधन म्हटलें कीं तें केव्हां तरी बिघडावयाचेंच. परंतु स्वतःच्या डोळ्यांतलें मुसळ कोणास दिसलें आहे? म्हणून दुसऱ्यांचें ऐकणाऱ्याचेंहि ऐकणारा कोणी लागतो.

एक कल्पित प्रसंग घ्यावा. तरुण उपचारक ज्येष्ठास सांगतो, "बाईंची प्रकृति आतां पुष्कळ सुधारली." ज्येष्ठ विचारतात, "मग वेळ संपल्यावरहि त्या अर्धा तास बसून कां राहतात? आपण त्यांना उठा कां म्हणत नाहीं?" तरुण निरुत्तर होतो. आपल्या आईलाहि आपणांस कधीं 'नाहीं' म्हणतां आलें नाहीं, हें त्यास आठवतें. ज्या बाईंनी स्वतःच्या पायांवर उभें राहावयाचें, त्या त्याच्या भिडेपायीं त्याच्यावरच विसंबूं लागल्या होत्या.

बर्लिन शहरांत १९२० सालीं मॅक्स आयटिंगॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मनोविश्लेषणाचा दवाखाना उघडला. शिकाऊ उपचारकानें आपल्या रोग्यांची हकीकत अनुभवी ज्येष्ठापुढें नियमितपणें मांडावी, असा दंडक तेथें पडला. हा ज्येष्ठ कोण असावा, याविषयीं मात्र दुमत झालें. शिकाऊ उपचारकाच्या स्वतःच्या मनाचें विश्लेषण ज्यानें केलें, त्यानेंच हें काम करावें, असें बुडापेस्टची मंडळी म्हणे. बर्लिनकरांस त्रयस्थ माणूस हवा होता.

बुडापेस्टचेच मायकेल बालिंट पुढें लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्यें १९५० च्या सुमारास सामान्य डॉक्टरांच्या बैठका घेऊं लागले. डॉक्टरानें टिपणें बाजूस ठेवून आठवेल तसें बोलावें, हा तेथील रिवाज. कारण काय विसरलें, कोठें अडखळलें, कोणत्या रोग्याचा राग आला, यांतच खरें मर्म सांपडे.

ही देखरेख केवळ नवशिक्यांसाठीं नव्हे. समुपदेशकांच्या ब्रिटिश संस्थेच्या मान्यताप्राप्त सभासदांस, ते कितीहि मुरलेले असोत, महिन्यास किमान दीड तास ती घ्यावीच लागते. तींत चुका काढणारा साहेब नसतो. शेजारीं बसून पुन्हां ऐकणारा सोबती असतो. मात्र त्यापासून चूक लपविली तर सारी बैठक व्यर्थ जाते; आणि त्याचें मोल भरावें लागतें तें तेथें कधींच हजर नसलेल्या माणसास, म्हणजे रोग्यास.