आर्थर रोडहून राज्यसभेत



विधी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला बोलावलंत, म्हणून आपल्या मुंबईच्याच एका वकीलबाईंबद्दल बोलते. व्हायोलेट अल्वा. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

जन्म १९०८ सालचा, अहमदाबादचा. सोळाव्या वर्षी आई-वडिलांचं छत्र हरपलं. थोरल्या भावंडांनी शिकवलं. मग मुंबईत सेंट झेवियर्स आणि गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. बायकांना वकिलीची वाट कायद्याने मोकळी झाली ती १९२३ साली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९४४ मध्ये, उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे युक्तिवाद करणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला वकील ठरल्या. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सांगते, पूर्ण पीठ म्हणजे निदान तीन न्यायमूर्ती. एकाच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही तोच दुसऱ्यांचा प्रश्न येतो. भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते.

आणि आदल्याच वर्षी या बाई आर्थर रोड तुरुंगात होत्या! इंग्रज सरकारने अटक केली तेव्हा मुलगा चित्तरंजन पाच महिन्यांचा होता. त्याला कडेवर घेऊनच त्या आत गेल्या.

मला सगळ्यात मोलाची वाटतात ती त्यांची १९४८ ते १९५४ ही वर्षं. तेव्हा त्या मुंबईच्या बाल न्यायालयाच्या अध्यक्ष होत्या. या कोर्टात नुसती कलमं पाठ असून भागत नाही. पोर मान खाली घालून उभं असतं. खरं नाव सांगत नाही, गाव विचारलं तर दरवेळी वेगळं सांगतं. चोरी केली का, याआधी ते घरातून का निघालं हे शोधावं लागतं. आणि त्याला कुठे ठेवायचं, हे ठरवणाऱ्या बाईंनी स्वतःचं तान्हं मूल तुरुंगात सांभाळलेलं होतं. मूल आत ठेवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या पदांच्या यादीत या कामाला जेमतेम एक ओळ मिळते. मी ती ओळ सगळ्यात वर लिहीन.

पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. १९५२ मध्ये राज्यसभा, १९५७ मध्ये उपगृहमंत्रिपद, १९६२ मध्ये राज्यसभेचं उपसभापतिपद. त्या आसनावर बसून सभागृह चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पती जोकिम अल्वा लोकसभेत होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये व्हायोलेटबाईंनी उपसभापतिपदाचा राजीनामा दिला आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

आज अभिरूप न्यायालयाची बक्षिसं देताना पाहिलं, विषय होते करार आणि कंपनी कायद्याचे. प्राचार्य मॅडम, पुढच्या वर्षी एक प्रकरण बाल न्यायालयाचं ठेवा. परीक्षक म्हणून मी येईन. तारीख तेवढी आधी कळवा.