महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील गणित आणि त्याची उजळणी
(गणित अध्यापकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणितात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचे दुखणे पुष्कळदा आठवी ते दहावीच्या बीजगणितात असते. १/(क्ष² − ५क्ष + ६) या राशीच्या इंटिग्रेशनचे, म्हणजे संकलनाचे उदाहरण घ्यावे. छेदाचे (क्ष − २)(क्ष − ३) असे अवयव पाडणे हे शाळेतले काम. मग त्या अपूर्णांकाची १/(क्ष − ३) − १/(क्ष − २) अशी फोड करायची. ही अपूर्णांकांच्या वजाबाकीची उलटी वाट. त्यानंतर संकलनाची एक पायरी येते, आणि शेवटी दोन लॉगरिदम एकत्र करण्यासाठी पुन्हा जुनाच नियम लागतो. चार पायऱ्यांपैकी कलनाची पायरी एकच आहे. पुढे लाप्लास रूपांतराचे व्यस्त काढतानाही हीच फोड करावी लागते. अवयव पाडता न येणारा विद्यार्थी दोन्ही ठिकाणी अडतो आणि आपल्याला कलन जमत नाही, अशी चुकीची समजूत करून घेतो.

ही उणीव निर्माण होण्याची कारणे स्पष्ट आहेत. बारावीची परीक्षा, प्रवेश परीक्षा, निकाल आणि प्रवेशफेऱ्या यांत काही महिने जातात व लेखी सराव सुटतो. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. तिथे अचूक पर्याय निवडण्याची चपळाई कामी येते. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र प्रत्येक पायरी मांडून दाखवावी लागते. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची अडचण वेगळी असते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच ते पुढच्या गणिताला सामोरे जातात.

उजळणीचा क्रम विषयाच्या रचनेनुसार ठरतो. सुरुवात चिन्हे, अपूर्णांक, घातांक आणि करणी यांपासून करावी. १/√क्ष ही राशी क्ष चा −१/२ वा घात म्हणून लिहिता आली नाही, तर विकलनाचे सूत्र पाठ असूनही उपयोगी पडत नाही. दुसरा टप्पा बहुपदी, अवयव, रेषीय व वर्गसमीकरणे आणि लॉगरिदम यांचा. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² किंवा √(अ² + ब²) म्हणजे अ + ब, या चुका याच टप्प्यात मुळासकट काढाव्यात. अ = ३ आणि ब = ४ घेतले, तर पहिल्या चुकीत ४९ ऐवजी २५ आणि दुसरीत ५ ऐवजी ७ येतात. अशी पडताळणी विद्यार्थ्याला स्वतःच करता येते. तिसऱ्या टप्प्यात निर्देशक भूमिती व आलेख घ्यावेत आणि चौथ्यात त्रिकोणमिती. साइनचे विकलन कोसाइन येते ते कोन रेडियनमध्ये असतानाच. हे ध्यानात नसले की कॅल्क्युलेटर अंशांवर राहतो आणि उत्तर चुकते. हे चारही टप्पे झाल्यावर फलन आणि सीमा यांकडे वळावे.

वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांसाठी भर बदलतो. त्यांनी गुणोत्तर, शेकडेवारी, आलेखवाचन, संभाव्यता आणि सांख्यिकी पक्की करावी. एखाद्या योजनेची व्याप्ती ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली, तर वाढ १० टक्केबिंदूंची असते, पण मूळ आकड्याच्या तुलनेत ती २५ टक्के असते. हा फरक कळल्याशिवाय अर्थशास्त्रातला साधा तक्ताही नीट वाचता येत नाही.

उजळणीची सुरुवात चाचणीने व्हावी. दहावीची जुनी प्रश्नपत्रिका पुस्तक न उघडता सोडवावी आणि चुकांचे तीन गट करावेत : संकल्पना विसरलेली, आकडेमोड घसरलेली आणि प्रश्नाचा अर्थच न लागलेला. पहिल्या गटासाठी पाठ्यपुस्तकाकडे परतावे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. दुसऱ्या गटाला सराव हवा. तिसऱ्या गटात शाब्दिक उदाहरणे समीकरणात मांडण्याचे काम करावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी सोबत इंग्रजी संज्ञांची वहीही ठेवावी.

सरावाच्या पद्धतीलाही शास्त्रीय आधार आहे. मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून आणि पुढच्या संशोधनातून दिसते, की एकाच बैठकीत उरकलेला अभ्यास लवकर निसटतो, तर अंतराअंतराने केलेला अधिक टिकतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून चाचणी देणाऱ्यांच्या तो काही दिवसांनी अधिक लक्षात राहिला. म्हणून सोडवलेली उदाहरणे वाचणे किंवा ध्वनिचित्रफीत पाहणे ही केवळ पूर्वतयारी समजावी. कागदावर, उत्तर झाकून, वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून सोडवणे हीच खरी उजळणी. रोज एक तास असा सराव सहा आठवडे केला, तर वरील टप्प्यांना पुरेसा वेळ देता येतो.

ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये बारावीच्या विषयांची अट सैल करताना गणितासह काही विषयांच्या सेतू अभ्यासक्रमांची अपेक्षा व्यक्त केली होती. असा अभ्यासक्रम उपचारापुरता राहिला, तर प्रवेशाचे दार उघडते, पण पुढे चालण्याचे बळ मिळत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्याच आठवड्यात निदान चाचणी घ्यावी. तिचे गुण निकालात धरू नयेत, म्हणजे विद्यार्थी आपली उणीव लपवणार नाहीत. चाचणीत दिसलेल्या उणिवांनुसार छोटे गट करावेत, आणि या वर्गांना वेळापत्रकात नियमित तासिका द्याव्यात. दहावीचे बीजगणित पुन्हा शिकवण्यात प्राध्यापकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही, आणि ते पुन्हा शिकण्यात विद्यार्थ्यालाही नाही. पदवीचे गणित ज्या पायावर उभे राहते तो पाया भक्कम करणे हा पदवीच्या अध्यापनाचाच भाग आहे, आणि अध्यापकांनी तो आपले कर्तव्य म्हणून स्वीकारला पाहिजे.